खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर बघायला जाताय? मग हे प्रश्न तुम्हालाही पडणारच

कोल्हापुरात कुणाच्याही घरी पाहुणे आले की ठरलेलं असतं, पहिल्या दिवशी अंबाबाई आणि रंकाळा, दुसऱ्या दिवशी जोतिबा-पन्हाळा, आणि मग तिसऱ्या दिवशी कुणीतरी मोबाईल पुढं करून विचारतं "हे छपराला गोल भोक असलेलं देऊळ इथंच आहे ना?" त्यानंतर प्रश्नांची जी सरबत्ती सुरू होते ती सगळी इथं एका जागी लिहून ठेवली आहे.

मंदिर कोल्हापूर शहरातच आहे का?

नाही ओ. जिल्हा कोल्हापूर, तालुका शिरोळ, गाव खिद्रापूर. जिल्ह्याच्या पार पूर्वेच्या टोकाला, कृष्णेच्या काठावर, आणि पलीकडं लगेच कर्नाटक. शहरातनं साधारण ६०-६५ किलोमीटर पडतं, पण किलोमीटरवर जाऊ नका, पावणेदोन ते दोन तास धरूनच चाला. गावात मराठी आणि कन्नड दोन्ही कानावर पडतं, गोंधळून जाऊ नका, तुम्ही अजून महाराष्ट्रातच आहात.

जायचं कसं? गाडी नसेल तर?

गाडी असेल तर दोन रस्ते. एक हातकणंगले, जयसिंगपूर, शिरोळ, नरसोबाची वाडी करून कुरुंदवाड. दुसरा इचलकरंजीवरनं सरळ कुरुंदवाड. कुरुंदवाडच्या पुढं मात्र दोन्ही एकच होतात, अकिवाट, सैनिक टाकळी करत खिद्रापूर. वाटेत वाडीला दर्शन घ्यायचं असेल तर पहिला, नाहीतर दुसरा घ्या.

कुरुंदवाडनंतरचा रस्ता अरुंद आहे आणि दोन्ही बाजूला ऊसच ऊस. कारखाने चालू असताना, म्हणजे दिवाळीनंतर ते साधारण मार्चपर्यंत, पुढं दोन-दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर आला की तो म्हणेल त्या स्पीडनं जायचं, हॉर्न वाजवून काही उपयोग नाही, ट्रॅक्टरवाल्याचं गाणं तुमच्या हॉर्नपेक्षा मोठं असतं. रात्री परतताना तर जास्तच जपून, मागं रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही.

गाडी नसेल तर कोल्हापूरहून कुरुंदवाडची एसटी धरायची आणि तिथनं खिद्रापूरची. पुढच्या गाड्या कमी आहेत, म्हणून उतरल्या उतरल्या स्टँडवर कंट्रोलरला परतीची शेवटची गाडी कितीला आहे ते विचारून ठेवा, ऑनलाईन बघत बसू नका. चार-पाच जण असाल तर कुरुंदवाडातनं किंवा वाडीतनं रिक्षा ठरवलेली परवडते, पण थांबण्याचा वेळ आधी स्पष्ट बोलून घ्या, नाहीतर अर्ध्या तासात "झालं का सायेब" सुरू होतं.

रेल्वेनं येणाऱ्यांनी कोल्हापूरपर्यंत यायची गरजच नाही, जयसिंगपूर किंवा मिरजेला उतरलं तरी चालतंय. मुंबई-पुण्याकडनं येणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही.

कधी जावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. झालं, एका ओळीत उत्तर.

उन्हाळ्यात दुपारी दगड असा तापतो की अनवाणी पाय टेकवत नाही. पावसाळ्यात हिरवंगार असतं, फोटोही भारी येतात, पण जुलै-ऑगस्टमध्ये निघायच्या आधी कृष्णेच्या पाण्याची बातमी बघितल्याशिवाय गाडी काढू नका. हा सगळा शिरोळ तालुका पुराचा आहे, २००५, २०१९, २०२१ ही सालं इथल्या माणसाला कॅलेंडर न बघता पाठ आहेत. रस्ते पाण्याखाली जातात आणि गावाला वेढा पडतो. लोक जनावरं हलवायच्या गडबडीत असताना आपण कॅमेरा घेऊन जाणं बरं दिसत नाही.

सोमवार, श्रावण आणि महाशिवरात्र, या दिवशी दर्शनाला जायचं असेल तर अवश्य जा, शिल्पं बघायला जायचं असेल तर टाळा. आडवारी सकाळी आठ-नऊला गेलात तर बऱ्याचदा तुम्ही, पुजारी आणि गावातली दोन-चार मंडळी, एवढेच असता.

किती वेळ लागतो? तासाभरात होईल का?

हाच तो प्रश्न. तासाभरात "होतं", का नाही होत. गाडीतनं उतरायचं, गोल भोकाखाली उभं राहून वर बघत एक फोटो, पिंडीला नमस्कार, बाहेर येऊन भिंतीवरच्या दगडी हत्तीपाशी एक ग्रुप फोटो, आणि चला वाडीला बासुंदी खायला. नव्वद टक्के गाड्या असंच करतात, आणि मग घरी जाऊन सांगतात छान आहे पण छोटं आहे.

माझं म्हणणं असं आहे की खिद्रापूरला वेळ आत नाही, बाहेर द्यायचा. आतला स्वर्गमंडप, म्हणजे तो गोल भोकाचा मंडप, एका नजरेत भिडतो, त्याला तुमची मेहनत लागत नाही, पण बाहेरची भिंत तशी नाही, तिला फेरी मारावी लागते आणि तीही एक नाही. पहिली फेरी लांबनं, आकार कळायला. दुसरी अगदी भिंतीजवळनं, हत्तींच्या उंचीवर नजर ठेवून, म्हणजे चक्क वाकून. तिसरी मान वर करून. किमान दोन तास धरा, आवड असेल तर अर्धा दिवससुद्धा कमी पडतो.

बांधलं कुणी? किती जुनं आहे?

आज जे दिसतं ते मुख्यतः १२व्या शतकातलं, कोल्हापूरच्या शिलाहारांचं काम, आणि त्यात राजा गंडरादित्याचं नाव घेतलं जातं. हा गंडरादित्य मोठा मजेशीर राजा होता, त्यानं एक मोठा तलाव खोदला आणि त्याच्या काठावर शिव, बुद्ध आणि जिन अशा तिघांची स्थापना केली असं त्याच्याच ताम्रपटात आहे. म्हणजे खिद्रापुरात शंकराच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर जुनं जैन मंदिर दिसतं ते काही उगाच नाही, त्या काळचं वातावरणच तसं होतं.

पुढं शिलाहारांचा शेवटचा मोठा राजा दुसरा भोज, पन्हाळ्यावाला, त्याला देवगिरीच्या यादव सिंघणानं १२१२च्या आसपास हरवलं आणि हा सगळा मुलूख यादवांकडं गेला. लगोलग शके ११३६ मध्ये, म्हणजे १२१४च्या सुमारास, सिंघणानं या देवळाच्या खर्चासाठी गाव दान दिल्याचा शिलालेख इथं दक्षिण दाराजवळ कोरला. राज्य बदललं पण देवाची व्यवस्था चालू राहिली, उलट नव्या राजानं आपलं नाव तिथं लावून घेतलं. आजचे पुढारी वेगळं काय करतात म्हणा.

त्याच्याही आधीची एक गोष्ट आहे. ११व्या शतकाच्या मध्यात चालुक्य आणि चोळ यांच्यात कोप्पम इथं मोठी लढाई झाली, त्यात चोळ राजा राजाधिराज हत्तीवर बसलेलाच मारला गेला आणि त्याच्या भावानं रणांगणावरच मुकुट घालून लढाई फिरवली. हे कोप्पम म्हणजे खिद्रापूर असं काही अभ्यासक मानतात, काही नाही मानत, दुसऱ्या गावांची नावं घेतात. गावात विचारलंत तर अर्थातच एकच उत्तर मिळणार.

शंकराचं देऊळ आणि समोर नंदी नाही, असं का?

बरोबर पकडलंत, नंदी नाहीच. गोष्ट अशी सांगतात की दक्षानं यज्ञाला शंकराला बोलावलं नाही, तरी सती माहेरच्या ओढीनं निघाली, आणि शंकरानं तिच्यासोबत नंदी दिला. तिथं अपमान झाला, सतीनं यज्ञात उडी घेतली, आणि शंकर असा भडकला की आवरेना. शेवटी विष्णूनं त्याची समजूत काढून त्याला इथं आणलं. कोपलेला तो कोपेश्वर आणि समजूत काढणारा तो धोपेश्वर. म्हणून गाभाऱ्यात दोन लिंगं आहेत, एक शंकराचं आणि एक विष्णूचं. दर्शनाला गेल्यावर लोक एकाच पिंडीला नमस्कार करून वळतात, दुसरीकडंही बघा.

आणि नंदी? तो सतीबरोबर गेलेला, तो कृष्णेपलीकडं कर्नाटकात यडूरला आहे. यडूरला वीरभद्राचं मोठं देवस्थान आहे, आणि वीरभद्र म्हणजे दक्षाचा यज्ञ उधळणारा, म्हणजे गोष्टीतली सगळी पात्रं नदीच्या दोन्ही काठांवर वाटून बसलेली आहेत. वेळ असेल तर यडूरही करा, पण नदी ओलांडायची वाट गावात विचारून घ्या, मॅपवर सरळ रेषेत जवळ दिसतं तेवढं ते जवळ नाही.

ते गोल भोक नक्की काय आहे? छप्पर पडलंय का?

पडलेलं नाही. त्या भागाला स्वर्गमंडप म्हणतात. पूर्वेकडनं आत शिरलात की पहिला तोच लागतो, ४८ खांबांचा, मधे वर्तुळात १२ खांब, आणि त्या वर्तुळाच्या वर साधारण १३ फूट व्यासाचं उघडं आकाश. बरोबर त्याच्याखाली जमिनीवर तेवढीच अखंड गोल शिळा आहे, तिला रंगशिळा म्हणतात. म्हणजे वर आकाशाचं वर्तुळ, खाली दगडाचं, मधे बारा खांब.

आता ते उघडं का ठेवलं यावर प्रत्येकाचं मत आहे. गावातले सांगतात होमाचा धूर जायला. काही अभ्यासक म्हणतात घुमट पुरा करायचा राहून गेला, कारण देवळात इतरही काम अर्धवट सोडल्यासारखं दिसतं. काही म्हणतात मुद्दामच. मला स्वतःला मुद्दामवालं पटतं, कारण खाली नेमकी तेवढीच गोल शिळा बसवायची आणि वर चुकून राहिलं म्हणायचं, हे जरा अवघड वाटतं. पण तुम्ही बघून ठरवा.

इंजिनिअर पाहुणे असतील तर त्यांना हे दाखवा, की हा आपल्या डोळ्यापुढं असतो तसा कमानीचा घुमट नाही. दगडाचा एक गोल थर, त्याच्यावर जरा आत सरकवलेला दुसरा, त्याच्यावर अजून आत सरकवलेला तिसरा, असं करत करत वर गेलंय. प्रत्येक थर पूर्ण कडं असल्यामुळं दगड एकमेकांना दाबून धरतात आणि आत पडत नाहीत, म्हणून मधे भोक ठेवलं तरी वरचं कडं जागच्या जागी राहतं. दगडावर दगड, वजनावर आणि खाचांवर उभं, आठशे-नऊशे वर्षं.

आतल्या बाजूला वर नीट बघितलं तर अष्टदिक्पाल आपापल्या वाहनांवर बसलेले दिसतात, ऐरावतावर इंद्र, मेंढ्यावर अग्नी, रेड्यावर यम, मगरीवर वरुण. मुलं बरोबर असतील तर वाहनावरनं देव ओळखायचा खेळ लावा, बराच वेळ शांतता मिळते.

त्रिपुरी पौर्णिमेला चंद्र खरंच त्या भोकाच्या बरोबर वर येतो का, की व्हॉट्सॲपवरची बात?

येतो, आणि यात चमत्कारापेक्षा हिशोब जास्त आहे. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला असतो. कार्तिकात सूर्य दक्षिणेला झुकलेला असतो म्हणून चंद्र तेवढाच उत्तरेला असतो, आणि खिद्रापूर साधारण १६.७ अंश उत्तर अक्षांशावर. हे दोन आकडे त्या सुमाराला जवळजवळ जुळतात, म्हणून मध्यरात्री चंद्र डोक्यावर येतो आणि त्याचा उजेड वर्तुळातनं खाली रंगशिळेवर उतरतो.

आता बारीक गोष्ट. दरवर्षी तो अगदी नेमका मध्यावर येईलच असं नाही. त्रिपुरी कधी नोव्हेंबरच्या सुरुवातीला येते कधी शेवटी, आणि चंद्राची वाट सूर्याच्या वाटेपासून पाचेक अंश कलती असते, त्यामुळं एखाद्या वर्षी उजेडाचं वर्तुळ रंगशिळेवर तंतोतंत बसतं आणि एखाद्या वर्षी थोडं बाजूला पडतं. मग लोक म्हणतात यंदा मजा नाही आली. मजा बघायची असेल तर बारा वाजता मोबाईल वर धरून उभं राहण्यापेक्षा अकरापासनं खाली बघत बसा. चंद्र तासाला साधारण १५ अंश सरकतो, त्यामुळं उजेडाचा गोल पश्चिमेकडनं पूर्वेकडं हळूहळू सरकत शिळेवर येतो आणि पुढं निघून जातो, खांबांच्या सावल्याही फिरतात. पण हे कधी दिसेल, आजूबाजूचे फ्लॅश आणि टॉर्च बंद असतील तर. त्या रात्री गर्दी खूप असते, दिवे लावतात, वातावरण भारी असतं, पण निवांतपणा मिळेल ही अपेक्षा ठेवू नका. गरम कपडे घ्या, नदीकाठ आहे. राहायचं वाडीत किंवा कोल्हापुरात आधी बुक करा.

आम्हा कोल्हापूरकरांना याचं अप्रूप जरा वेगळं वाटतं, कारण अंबाबाईच्या देवळात किरणोत्सवाला मावळतीचा सूर्य गाभाऱ्यापर्यंत येतो आणि इथं चंद्र येतो. एकाच जिल्ह्यात दोन्ही.

पौर्णिमेला जमणार नाही, दुसरा काही योग?

आहे की, आणि त्याला गर्दी अजिबात नसते. शून्य सावलीचा दिवस. ६-७ मेच्या आसपास आणि पुन्हा ५-६ ऑगस्टच्या आसपास दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य इथं बरोबर डोक्यावर असतो, त्यामुळं उन्हाचं वर्तुळ सरळ खाली येऊन रंगशिळेवरच पडतं. ऑगस्टात ढग आणि पूर, म्हणून मेच बरा. उन्हाचा त्रास आहे पण मंडपात सावली आहेच, फक्त पाय सांभाळा. थंडीत दुपारी गेलात तर तोच उन्हाचा गोल उत्तरेच्या बाजूला सरकलेला दिसेल, खांबांवर चढलेला. तोही बघण्यासारखा.

बाहेरून बघायचं म्हणजे नक्की काय बघायचं?

खालून सुरुवात करा. देवळाच्या पायाशी सगळीकडून हत्तींची ओळ आहे, तिला गजपट्ट म्हणतात, ९२ हत्ती असल्याचं सांगतात. सगळं देऊळ जणू त्यांच्याच पाठीवर. लांबनं सगळे सारखे वाटतात, म्हणून लोक एकाचा फोटो काढून पुढं जातात. एका हत्तीसमोर उकिडवे बसा. गळ्यातल्या घंटांची साखळी बघा, तिची एकेक कडी सुटी कोरलेली आहे, झुलीची किनार बघा, पायातले वाळे बघा, मग पाठीवर कोण बसलंय ते बघा, कारण त्यांच्या पाठीवर देवदेवता आहेत. आणि मग शेजारच्या हत्तीकडं वळा, तिथं घंटांची माळ वेगळ्या पद्धतीची. एकदा हा फरक दिसायला लागला की मग पुढं हलवत नाही माणसाला.

त्याच्या वर भिंतीवर सुरसुंदऱ्या, नर्तकी, वादक, देवी, भैरव, गणपती. एक बाई आरशात बघत्येय, तिला शोधा, मी जागा सांगत नाही. दगडात दागिना कोरणं एक वेळ समजतं, पण पायावर दिलेला भार, एका बाजूला गेलेली कंबर, हे काळ्या कडक दगडात आणायचं म्हणजे खरंच नाद खुळा. पंचतंत्रातल्या गोष्टीही कोरलेल्या आहेत, प्राणी दिसला की थांबा आणि आजूबाजूला गोष्टीतला दुसरा प्राणी आहे का बघा.

भिंत सरळ नाही हे लक्षात आलं का? देवळाचा आराखडा ताऱ्यासारखा कोनाकोनाचा आहे, भिंत सारखी आत-बाहेर वळते. त्यामुळं होतं काय, की दिवसभर कुठल्या ना कुठल्या कोनाला तिरकं ऊन मिळतंच, आणि कोरीव काम तिरक्या उन्हातच उठून दिसतं. सकाळी पूर्वेकडनं सुरू करा, उन्हाबरोबर दक्षिणेला या. थंडीत दक्षिण भिंतीला दिवसभर ऊन असतं आणि उत्तर भिंत सावलीत, तिथं बारकावे बघायला छोटा टॉर्च आडवा धरायचा. समोरून मारलेला फ्लॅश सगळं सपाट करून टाकतो.

वरचं शिखर मात्र खालच्या कामाशी जुळत नाही असं वाटेल, बरोबरच वाटतंय, ते नंतरच्या काळातलं आहे.

आत आलात की खांबांकडं. काही गोल, काही चौकोनी, काही अष्टकोनी, आणि एकाच खांबात खालून वर जाताना आकार बदलतो. गोल खांबांवरच्या कड्या लेथवर काढल्यासारख्या सारख्या आहेत, डोळा खांबाला लावून तिरकं बघितलं तर एवढीशी लाट सापडत नाही. स्वर्गमंडपातनं सभामंडपात गेलात की एकदम अंधार होतो, जाळ्यांतनं येईल तेवढाच उजेड. दोन मिनिटं नुसतं उभं राहा, डोळे सरावले की दगड दिसायला लागतात.

बऱ्याच मूर्तींची नाकं, सोंडा तुटलेल्या आहेत, कुणी तोडल्या?

औरंगजेबाच्या स्वारीत, साधारण १७०२ मध्ये, तोडफोड झाली असं गावात आणि माहितीत सगळीकडं सांगितलं जातं. त्याच्या पुढची तीनशे वर्षं ऊन, पाऊस, पूर हेही आहेत. आणि अलीकडचं नुकसान कुणी केलं यासाठी इतिहास वाचायची गरज नाही, खांबावर "राहुल प्लस पूजा" टाईप जे काही कोरलंय ते वाचा.

शिलालेख वाचता येतात का?

लेख डझनभर आहेत, बहुतेक जुन्या कन्नडमधले. सिंघणाचा संस्कृत आहे आणि देवनागरीत, त्यामुळं आपल्याला काही अक्षरं लागतात. मुलांना म्हणा एक तरी शब्द वाचून दाखवा. पण अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू, हळद, कुंकू, पाणी काहीही लावायचं नाही, वर सांगितला तसा आडवा टॉर्च पुरतो.

तिकीट, फोटो, प्री-वेडिंग, ड्रोन?

तिकीट नाही. मोबाईलनं फोटो सगळेच काढतात, गाभाऱ्यात मात्र काढू नका, पुजा चालू असते. मंदिर १९५४ पासून संरक्षित स्मारक आहे, त्यामुळं प्री-वेडिंग शूट, ड्रोन, लाईट-स्टँड याला परवानगी लागते, तिथं जाऊन "बघू की" चालत नाही. आणि कृपा करून लेकराला हत्तीवर बसवून फोटो काढू नका. अंगठ्या-बांगड्यांचा, बुटांचा ओरखडा दगडावर राहतो, आणि तुमच्यानंतर दिवसभरात पन्नास जण तेच करतात.

कपडे, चप्पल वगैरे?

देवळात जातोय एवढं लक्षात ठेवा, बाकी ड्रेसकोडचा बाऊ नाही. चप्पल बाहेर काढावी लागते, म्हणून जाड मोजे घ्या, उन्हाळ्यात तर हवेतच. पाण्याची बाटली, टोपी, टॉर्च. दुर्बीण घरात धूळ खात पडली असेल तर ती आणा, वरच्या रांगेतल्या मूर्तींसाठी तिच्यासारखं काही नाही.

आईबाबांना गुडघ्याचा त्रास आहे, जमेल का?

जमेल. डोंगर-बिंगर काही नाही, सपाट गावात देऊळ आहे. आत उंबरे उंच आहेत, तिथं हात द्या. मंडपात टेकायला जागा आहे, त्यांना तिथं गार सावलीत बसवा आणि तुम्ही बाहेरच्या फेऱ्या मारा.

गाईड मिळतो का?

गावातली माहीतगार माणसं आणि पुजारी सांगतात, विचारलं तर आनंदानं सांगतात. गोष्टी छान असतात, तारखा थोड्या इकडंतिकडं होतात, तेवढं चालवून घ्या. वेळ काढून सांगितलं तर त्यांच्या हातावर काहीतरी ठेवा, ते मागत नाहीत म्हणून फुकटात निघू नका.

खायचं काय, आणि दिवस कसा लावायचा?

खिद्रापुरात चहा-नाश्त्यापलीकडं फार अपेक्षा ठेवू नका. माझा सल्ला, कोल्हापुरातनं सकाळी साडेसहाला निघा, मिसळ खायला थांबू नका (थांबलात की नऊ वाजलेच), साडेआठपर्यंत देवळात पोचा, अकरा-साडेअकरापर्यंत बघा. मग पाच मिनिटं चालत जैन मंदिर, लोक ते सोडूनच जातात आणि त्याचंही कोरीव काम सुंदर आहे, फक्त तिथली शांतता आणि नियम पाळा. थोडं पुढं जाऊन कृष्णेचं पात्र बघा, पण पाण्यात उतरू नका, मगरी आहेत या पट्ट्यात, उगाच नाही मूर्तीतल्या वरुणाला मगर दिली.

दुपारी नरसोबाच्या वाडीला. कृष्णा-पंचगंगेचा संगम, दत्ताच्या पादुका, आणि बाहेर पडलं की बासुंदी, पेढे, कवठाची बर्फी. बर्फी थोडी आंबटगोड असते, आधी चव घेऊन मग किलोभर बांधा. पावसाळ्यात आलात आणि पाणी पादुकांवरनं वाहत दक्षिण दारातनं बाहेर पडत असेल तर दक्षिणद्वार सोहळ्याला भाविकांची झुंबड असते, त्या दिवशी पार्किंग विसरा. कृष्णाकाठची वांगी बाजारात दिसली तर घ्या. जयसिंगपूरवरनं परतणार असाल तर भडंगाचं पाकीट घ्यायचं, गाडीतच संपतं म्हणून दोन घ्या. तांबडा-पांढरा रात्री कोल्हापुरात आल्यावर, वाडीचं दर्शन करून लगेच नको म्हणणारे घरात असतील तर दुसऱ्या दिवशी.